तीन भेटींचा रकाना

१२ मार्च

धाकट्या,

टेलरकाका एकोणीस मतांनी पडले. फेरमोजणी काल संध्याकाळी संपली आणि आकडा तोच राहिला. निवडणूक कचेरीतल्या मोठ्या कारकुनांनी आज सकाळी शाळेत फोन करून मला सांगितलं, म्हणजे आता यात बदल नाही. सिमेंटवाले निवडून आले. आपल्या वॉर्डात त्यांची शिडी निशाणी पहिल्यांदाच जिंकली. इतकी वर्षं टेलरकाकांची, तुमची किटलीच होती. त्यांच्या दुकानासमोर अजून पत्रकांचा खच पडलाय, झाडायला कोणी फिरकलेलं नाही.

तू रविवारी येऊन गेलास हेही मला कारकुनांकडूनच कळलं. पाच तास बसने आलास, अर्धा तास रांगेत उभा राहिलास, यादीत नाव नाही म्हटल्यावर आवाज चढवलास आणि तसाच परत गेलास. माझी ड्युटी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. स्वतःच्या भागात देत नाहीत. मतदानाच्या खोलीपासून आपलं घर चार मिनिटांवर आहे. दारावरून गेलास की वळसा घालून, एवढं तरी कळव.

"माझ्या सख्ख्या बहिणीने मला मारलं," असं तू खोलीत म्हणालास म्हणे. मारलं नाही, स्थलांतरित केलं. यादीत दोन्हींचे रकाने वेगळे असतात.

रागावणार नसशील तर नियम सांगते. मतदारयादी तपासायचं काम आम्हा शिक्षकांकडे असतं हे तुला माहीत आहे. माझ्याकडे आपली गल्ली आणि कारखान्यामागची गल्ली, मिळून सहाशे बारा नावं. घरोघर जायचं, माणूस आहे का बघायचं. नसेल तर वेगवेगळ्या वेळी तीन भेटी द्यायच्या, तारखा लिहायच्या, आणि तरी भेटला नाही तर नाव काढायचं. तू चार वर्षांपासून इथे राहत नाहीस. आपल्या घरात मला तीन भेटी द्यायची गरजच नव्हती. बाबांना विचारलं, "हा इथे राहतो का?" ते म्हणाले, "राहत नाही." मी लिहिलं, त्यांनी सही केली. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "झालं ना तुझं काम? मग चहा टाक."

तुझं नाव नियमाने गेलं. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तरी गेलं असतं. हे तुला पटावं म्हणून लिहिते आहे, बाकी काही नाही.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. आता वर्तमानपत्र स्वतः वाचतात, म्हणजे मला मोठ्याने वाचून दाखवतात.

ताई

१७ मार्च

धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड शनिवारी आलं. चार वर्षांत चार ओळी, वर्षाला एक पडली. ते पोस्टमनने वाचलं, शेजारच्या काकूंनी वाचलं, मग मी वाचलं. पुढच्या वेळी पाकीट वापर.

"माझं नाव काढलंस ते बरोबरच. पण मागच्या गल्लीतले चाळीस जण कुठे पाठवलेस? तेही माझ्या खोलीवर राहायला आलेत की काय? दहा बाय दहाची खोली आहे, ताई, जरा विचार करायचा."

वाचून मला हसू आलं. मग रविवारी डायरी काढून बसले.

आमच्याकडे दोन वह्या असतात. एक डायरी, आपली आपण ठेवायची, तिच्यात कधी कुठे गेलो ते पेन्सिलने टिपायचं. दुसरा पक्का तक्ता, तो कचेरीत जातो. तक्त्यात प्रत्येक काढलेल्या नावापुढे तीन भेटींचा रकाना असतो : सकाळ, दुपार, संध्याकाळ. माझ्या तक्त्यात तुझ्यासकट एक्केचाळीस नावं काढलेली आहेत. तुझं सोडून चाळीस मागच्या गल्लीतली. त्यांच्यापुढे मी तिन्ही भेटी लिहिल्या आहेत आणि "घर बंद" असा शेरा आहे.

डायरीत वेळा आहेत. सव्वा वाजता, एकला दहा कमी असताना, दीड वाजता. आमची शाळा सकाळची, साडेबाराला सुटते. मी शाळेतून तशीच जायची. तर भेटी झाल्या, पण वेळ चुकली. कारखान्यातल्या पहिल्या पाळीचे लोक तीनला सुटतात आणि त्यांच्या बायका तिथल्याच डबे पुसायच्या शेडमध्ये असतात, हे तुला मी सांगायला नको. कुलपं होती म्हणून मी कुलपं लिहिली.

चाळिसातले एक आजोबा खरंच वारलेत आणि दोन मुली लग्न होऊन गेल्या आहेत. उरलेले सदतीस त्याच घरात राहतात. त्यातला एक काल मला दूध घेताना दिसला. मी बरणी पुढे करून दुसरीकडे बघत राहिले.

टेलरकाकांनी तक्रार दिली आहे. तो त्यांचा हक्कच आहे. ते एकोणिसाने पडले आणि मागच्या गल्लीतली मतं कुठे जातात हे पोरालाही विचारलं तर सांगेल. चार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या संपाच्या बावन्न दिवसांत सभा त्यांच्याच दुकानात भरायच्या.

आणखी एक सांगते. हसू नकोस. आपल्या मतदानाच्या खोलीत गेल्या वेळी सहाशे बारापैकी तीनशे अठ्ठ्याण्णव जणांनी मत दिलं होतं, म्हणजे पासष्ट टक्के. या वेळी पाचशे एकाहत्तरपैकी चारशेंनी, म्हणजे सत्तर. मतदान करणारे दोनच वाढले, टक्के पाच वाढले. शहरातली सगळ्यांत मोठी वाढ. मतमोजणीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला मंचावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं : मतदारांत जागृती केल्याबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली येऊन बसले तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय गं, काय जादू केलीस?" मी म्हटलं, घरोघर फिरले.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

तक्रारीची सुनावणी २६ तारखेला, बुधवारी सकाळी अकरा वाजता आहे. काल नोटीस आली आणि मी सही करून घेतली. तक्ता घेऊन हजर राहायचं आहे. डायरीचं नाव नोटिशीत नाही.

काल दुपारी सिमेंटवाल्यांचे मेव्हणे घरी आले. तू त्यांना ओळखतोस, लग्नात सगळ्यांच्या आधी जेवायला बसतात ते. आले, चपला काढल्या, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली. डोळ्याला कोणता थेंब, दिवसातून किती वेळा, सगळं. मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुमचा तक्ता आम्ही कचेरीत बघितला. अक्षर काय सुंदर आहे हो! मोत्यासारखं."

"शिकवायचं कामच आहे."

"तेच म्हणतो. पक्का तक्ता आहे, तीन भेटी आहेत, तारखा आहेत. साहेबांनी विचारलं तर तक्त्यात आहे तेच खरं, एवढंच म्हणायचं. जास्त बोलायचं नाही. आपण कुठे काय खोटं सांगतोय?"

मी चहा पुढे केला. ते म्हणाले, "मोठ्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत ना? त्या खुर्चीत तुम्हीच शोभाल. शाळा समितीवर आता आमचेच साहेब आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे." चहा अर्धा ठेवून उठले. साखर कमी होती म्हणे.

आतल्या खोलीत बाबा होते. वर्तमानपत्राचा आवाज थांबला होता. मेव्हणे गेल्यावर परत सुरू झाला.

आता जे लिहिते ते गेल्या पत्रात लिहायला हवं होतं. भेटी तीन झाल्या असं मी म्हटलं. डायरीत तीन वेळा आहेत, पण त्या तीन वेगवेगळ्या घरांच्या आहेत. पहिल्या दिवशी गल्लीचा डावा हात, दुसऱ्या दिवशी उजवा, तिसऱ्या दिवशी मागचा तुकडा. म्हणजे प्रत्येक घराला एकच भेट. बाकीच्या दोन मी शिक्षकांच्या खोलीत बसून भरल्या. सगळेच भरतात. तीस तारखेला तक्ते द्यायचे असतात, अठ्ठावीसला आठ-दहा जणी एका टेबलाभोवती बसतात, एक जण तारखा सांगते आणि बाकीच्या लिहितात. रविवार येऊ नये म्हणून कॅलेंडर मध्ये ठेवलेलं असतं. गेली अकरा वर्षं मी असंच करते. आपल्या गल्लीत त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे कोण कुठे आहे ते मला खिडकीतूनही कळतं.

मोठ्या बाईंना मी आज विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू एकटी हरिश्चंद्राची बहीण व्हायला निघालीस तर आमचे सगळ्यांचे तक्ते उघडतील. तुझ्या त्या टेबलावर मीही बसले होते. पेन्शनला तुला सहा वर्षं, मला एक."

त्या खोटं बोलत नव्हत्या. माझ्याच पेनने लिहीत होत्या.

तुला हे कळवते कारण तू विचारलंस. काय करणार ते विचारू नकोस.

ताई

२५ मार्च

धाकट्या,

उद्या अकरा वाजता सुनावणी. हे पत्र तुला परवा मिळेल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. म्हणून आज मोकळेपणाने लिहिता येतं.

तुझं पाकीट आलं. पाकीट वापरलंस, आभारी आहे. तू लिहितोस की मी हे शिडीसाठी केलं. बाबांची मुलगी बाबांच्या पक्षाला मदत करणारच, असं तुझं म्हणणं. तसं असतं तर तुला सांगायला सोपं गेलं असतं. मी गेल्या तीनही वेळा कोणाला मत दिलं ते तुला सांगणार नाही, पण तू अंदाज केलास तर चुकशील.

खरं हे आहे. डिसेंबरात यादीचं काम सुरू झालं तेव्हा बाबांनी मला जेवताना विचारलं, "मागच्या गल्लीत कधी जातेस?" मी म्हटलं, शाळा सुटली की. ते म्हणाले, "मग कुलपं मोजून येशील. पहिली पाळी तीनला सुटते. हातपाय धुऊन माणसं चार वाजता ओट्यावर असतात. चारला जा." पाळ्यांचा तक्ता तेवीस वर्षं त्यांनीच भिंतीवर लावला होता, त्यांना नाही कळणार तर कोणाला? मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता गेले.

मला माहीत होतं, धाकट्या. कुलपं असतील म्हणूनच मी त्या वेळी गेले.

तू बावन्न दिवस संपावर होतास आणि बाबा तिसऱ्याच दिवशी मॅनेजरच्या गाडीतून फाटकातून आत गेले. तू शहर सोडलंस. बाबा घरात बसले. रस्त्यावर रोज कोणाला जावं लागलं? मागच्या गल्लीत मी गेल्या वेळी यादी घेऊन गेले तेव्हा सगळे ओट्यावर होते. लाल दाराच्या घरातल्या वहिनी उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आली गं फोरमनची लेक, हजेरी घ्यायला! उभ्या राहा सगळ्या, नाहीतर गैरहजरी लागेल." हसली सगळी गल्ली. मीही हसले. नावं विचारत शेवटच्या घरापर्यंत गेले आणि प्रत्येक दाराशी कोणी ना कोणी "हजर, बाई" म्हणालं. तिथली निम्मी पोरं माझ्या वर्गात शिकलेली आहेत. घरी येऊन मी तीन दिवस ताप आल्याचं सांगून शाळेत गेले नाही.

या वेळी कुलपं बघून मला बरं वाटलं. एवढीच गोष्ट आहे. त्यात पक्ष नाही, मेव्हणे नाहीत, खुर्ची नाही. उघड्या दारापेक्षा बंद दार सोपं वाटलं आणि त्यात सदतीस माणसांची मतं गेली. लाल दाराच्या वहिनींचंही नाव मीच काढलं. "घर बंद." त्यांच्या घरात आठ माणसं राहतात.

आज संध्याकाळी मी डायरी टेबलावर ठेवली. बाबा समोर बसले होते.

"उद्या हीपण नेणार?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"नेलीस तर काय होईल?"

मी सांगितलं. निलंबन, चौकशी. मोठ्या बाईंची खुर्ची तर गेलीच. आणि शिडी कदाचित पडेल.

त्यांनी बराच वेळ डायरीची पानं उलटली. मग म्हणाले, "मी जन्मभर शिडीलाच मत दिलंय. आत्ताही दिलं. माणूस फार ग्रेट आहे म्हणून नाही, सवय."

"मग?"

"मग काय? हे एकोणीस काही जिंकलेले नाहीत. माणसं कामावर असताना हजेरी घेतलीस तर रजिस्टर कोरंच राहणार. माझ्या खात्यात कोणी असं रजिस्टर भरलं असतं तर त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवला असता."

"मला पाठवताय का?"

"तू आधीच घरी आहेस," ते म्हणाले. "पाळ्या कधी सुटतात ते साहेबाला कोण सांगणार? तुझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील बाईला काय कळतं कारखान्यातलं. मी येतो."

मी म्हटलं, तिथे टेलरकाका असतील. चार वर्षांत तुम्ही एकमेकांकडे बघितलेलं नाही. गल्लीतलेही असतील.

"असू देत की. कचेरी काही त्याच्या मालकीची नाही."

पांढरा शर्ट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला आहे. मी इस्त्री करून पत्र टाकायला जाते.

ताई

३१ मार्च

धाकट्या,

आपल्या खोलीत फेरमतदान होणार. येत्या रविवारी, ६ एप्रिलला. हुकूम शनिवारी निघाला. मोठ्या कारकुनांनी त्याची प्रत दाखवली, मी तारीख दोनदा वाचली. सदतीस नावं पुरवणी यादीत परत आली. माझं निलंबन उद्यापासून. तेही त्याच हुकमात आहे, खालून तिसऱ्या ओळीत.

सुनावणीचं थोडक्यात लिहिते, बाकी भेटीत. साहेबांनी तक्ता उघडला आणि विचारलं, "बाई, या तीन भेटी दिल्यात ना?" मी म्हटलं, नाही, एक दिली. दोन टेबलावर बसून लिहिल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. साहेब म्हणाले, "तुम्ही हे लेखी द्याल?" मी डायरी पुढे केली. मेव्हणे मागच्या बाकावर होते, ते उठून बाहेर गेले. टेबलावर आणखी कोण बसलं होतं ते साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या तक्त्याचं मी सांगितलं. ज्याचा तक्ता त्याला विचारा. त्यांनी पुढे रेटलं नाही. पण आता शहरातले सगळे तक्ते तपासायला घेणार असं कळतं. शाळेत माझ्याशी एकच जण बोलतो, घंटा वाजवणारा शिपाई.

मग बाबा उभे राहिले. त्यांना बसून सांगा म्हटलं तरी बसले नाहीत. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, शेड नऊ ते साडेतीन, जेवणाची सुट्टी फाटकाच्या आत. सगळं न अडखळता. सिमेंटवाल्यांच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" बाबा म्हणाले, "तुमच्याच." मागे बसलेली गल्ली हसली. साहेबही हसले, पण लगेच खाली बघून लिहायला लागले.

बाहेर जिन्यात टेलरकाका समोर आले. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यांनी बाबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "फोरमनसाहेब, पँट कमरेत ढिली झालीय. दुकानात टाका, धरून देतो."

बाबा म्हणाले, "शिलाईच्या धाग्यासकट उसवतोस तू. गेल्या वेळचं आठवतंय मला."

"पाच वर्षांपूर्वीचं बोलताय. आता मशीन नवीन आहे."

एवढंच. बाबा तसेच जिना उतरले. पँट मात्र त्यांनी आज सकाळी कागदात गुंडाळून ठेवली आहे.

आता मुख्य. नावं परत आली म्हणजे माणसं परत येतील असं नाही. माझ्या जागी दुसऱ्या शाळेतले एक गुरुजी नेमले आहेत. मतदानाच्या सदतीस चिठ्ठ्या त्यांना घरोघर द्यायच्या होत्या. परवा त्या देऊन ते कचेरीत सही करून गेले. मी काल चार वाजता मागच्या गल्लीत गेले तर बावीस चिठ्ठ्या कड्यांत अडकवलेल्या होत्या. एक वाऱ्याने गटारात गेली होती. मी ती काढून पुसली.

मला जायचा अधिकार नव्हता, यादीच्या कामावरून मी गेलेलीच आहे. गेले. ओट्यावर सगळे होते. लाल दाराच्या वहिनी म्हणाल्या, "आता काय, आम्ही जिवंत आहोत का बघायला आलीस?"

मी म्हटलं, "तुमचं नाव मी काढलं होतं. घर बंद असं लिहिलं. तुम्ही कामावर आहात हे मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

त्यांनी हातातला टॉवेल झटकला. "आणि वर तोंड करून सांगतेस?"

"खाली करून सांगितलं तर ऐकू येणार नाही."

कोणी हसलं नाही या वेळी. त्या म्हणाल्या, मतदानाच्या रविवारी नटूनथटून गेलो होतो, सासूबाईंना खुर्चीत बसवून नेलं होतं. सगळ्यांदेखत सांगितलं, तुम्ही इथे राहत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग मी चाळीस वर्षं कुठे राहतेय? परत त्या दारात आम्ही पाय ठेवणार नाही. "तुझी नोकरी गेली ते वाईट झालं. पण ती आम्ही नाही घालवली." दार लावलं नाही त्यांनी. मी दुसऱ्या ओट्याकडे वळले. सात घरं झाली. तीन जणांनी चिठ्ठी घेतली, एकाने माझ्यासमोर फाडली, बाकीच्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

मोठे कारकून म्हणतात, एकदा परत पाठवलेला माणूस फेरमतदानाला चारात एक येतो. सदतिसातले नऊ-दहा येतील. टेलरकाका म्हणतात वीस. एकोणीस भरून काढायला वीस लागतात, म्हणून ते वीस म्हणतात. शिवाय बाकीच्या पाचशे एकाहत्तरांनाही परत मत द्यायचं आहे आणि शिडीवाल्यांनी त्यांच्यासाठी गाड्या सांगितल्या आहेत. कोण जिंकेल ते मला सांगता येत नाही. माझं काम तेवढ्यासाठी नाही. त्या सदतिसांना दार उघडं दिसलं पाहिजे, मग त्यांनी कोणालाही मत द्यावं, नाहीतर देऊही नये.

उरलेली घरं मी या आठवड्यात करते, रोज चारला. पण माझ्या सांगण्याने जितके येतील तितकेच तुझ्या सांगण्याने लाल दाराच्या एका घरातून येतील. त्या घरात तू संपाचे बावन्न दिवस जेवलास. तू स्वतः मत देऊ शकणार नाहीस. तुझं नाव पुरवणी यादीत नाही, तू खरंच इथे राहत नाहीस, आणि ते मी बदलणार नाही. एवढं असूनही तुला यायचं असेल तर ये. नाही आलास तर मी समजेन, आणि खुर्ची मी एकटी उचलेन. सासूबाई हलक्या आहेत.

शनिवारची बस दोन वाजून दहा मिनिटांनी येते. बाबांनी दोनदा विचारलं की ती अजून जुन्याच थांब्यावर थांबते का. मी म्हटलं, तुम्हाला कुठे जायचंय? म्हणाले, "मला कुठे जायचंय! विचारलं आपलं."

खोली रविवारी सकाळी सातला उघडते. पाचला फाटक लावतात, पण पाचच्या ठोक्याला जो आत रांगेत उभा असेल त्याचं मत घ्यावंच लागतं, मग कितीही वेळ लागो. दुपारी गल्ली झोपलेली असते. लोक निघाले तर चारनंतर निघतील आणि शेवटची पंचवीस मिनिटं धावपळीची होतील.

ताई